‘चार्जिंग येत नाही’ : डायनमोच्या गाड्यांवरील पुस्तिकेची प्रस्तावना

जुन्या गाडीच्या मालकाने ‘चार्जिंग येत नाही’ म्हणायचा अवकाश, वायरमनचा हात सवयीने रेग्युलेटरच्या डबीकडे जातो. डबी बदलायला सोपी. दोन स्क्रू, चार-पाच वायरी, अर्ध्या तासात गाडी मोकळी. आठवडाभरात तीच गाडी पुन्हा धक्का मारून सुरू करायची वेळ येते. मग डायनमो उतरवून रिवाइंडिंगला जातो. तरीही जमेना म्हणून नवी बॅटरी येते. आणि कधीतरी, दुसऱ्याच कामासाठी कोणी गाडीखाली शिरलेलं असताना, इंजिनापासून चॅसीला आलेली अर्थची पट्टी लगापाशी कुजून नुसती टेकलेली आहे असं कळतं. झालेला खर्च सोडून देऊ. पण मूळची, चाळीस-पन्नास वर्षं निमूट काम केलेली डबी तोवर भंगारात गेलेली असते आणि तिच्या जागी पातळ पत्र्याची नक्कल बसलेली असते. जुन्या गाड्यांचं खरं नुकसान इथे होतं. काढलेला भाग बहुतेक वेळा बसवलेल्या भागापेक्षा चांगला असतो, आणि तो परत मिळवायला मग चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार किंवा कुर्ल्याचं भंगार पालथं घालावं लागतं.

ही पुस्तिका त्या सवयीच्या विरोधात लिहिली आहे. चार्जिंगचा दोष शोधताना आधी हिशेब करायचा, मग जोड तपासायचे, आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा, एवढंच तिचं म्हणणं. बाकीची पानं हे कसं करायचं ते सांगण्यात गेली आहेत.

कोणत्या गाड्या, हे आधी सांगायला हवं. केंद्र सरकारने २०२१ साली मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज ठरवून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट देऊ केली. त्या व्याख्येत साठच्या दशकापर्यंतचं आपल्याकडचं सगळं बसतं. हिंदुस्तान मोटर्सच्या लँडमास्टर आणि सुरुवातीच्या ॲम्बेसेडर, मॉरिस मायनर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड, आणि वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या डॉज, प्लीमथ, फियाट ११००. बॉनेट उघडलं की यांतल्या जवळपास प्रत्येकीवर इंजिनाच्या कडेला एक लांबट नळकांडं दिसतं. तो डायनमो. आज गॅरेजात काम करणाऱ्या तरुण वायरमनने तो फार तर वडिलांच्या हातात पाहिलेला असतो. त्याचं शिक्षण अल्टरनेटरवर झालं आहे, आणि अल्टरनेटरची गृहीतकं डायनमोला लावली की निदान चुकतं. पुस्तिका लिहायचं दुसरं कारण हे.

मोटारीत वीज तयार करायची गरज पडली ती मुख्यतः सेल्फ-स्टार्टरमुळे. त्याआधी दिवे बहुतेक कार्बाइडचे किंवा घासलेटचे होते, ठिणगी मॅग्नेटोची, आणि इंजिन हँडल मारून सुरू व्हायचं. चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेवरचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅकवर आला. तेच यंत्र इंजिन सुरू करायचं आणि नंतर त्याच इंजिनाने फिरून बॅटरी भरायचं. बॅटरी आली तशी ती भरत राहायची जबाबदारी आली, आणि किती भरायची हा प्रश्नही आला. त्यावरचं जुनं उत्तर म्हणजे तिसरा कार्बन (ब्रश). फोर्डच्या ‘मॉडेल ए’वर असा डायनमो होता. तिसरा कार्बन थोडा पुढे-मागे सरकवायचा आणि चार्जिंग कमी-जास्त करायचं. बॅटरी भरली आहे की रिकामी, याची त्या डायनमोला काही कल्पना नसे. म्हणून लांबच्या प्रवासाला निघालेला शहाणा मालक भर दुपारी हेडलाइट लावून जायचा, म्हणजे जादा वीज तिकडे खर्ची पडे आणि बॅटरी उकळत नसे. अशी गाडी तुमच्याकडे असेल आणि ती दिवसा बॅटरी उकळवत असेल, तर तो बिघाड नव्हे; तिचा स्वभावच तो.

तीसच्या दशकात बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने व्होल्टेज सांभाळणारी डबी आणली आणि पुढची तीस वर्षं इंग्रज गाड्या तिच्यावर चालल्या. आपल्याकडे १९६१ साली लुकास-टीव्हीएस स्थापन झाली आणि तोच माल मद्रासेत बनू लागला. इंग्लंडमध्ये लुकासची ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणून टिंगल होते. मला ती अन्यायाची वाटते. साठ वर्षांची वायरिंग, चार हातांनी केलेले टेपचे जोड आणि गंजलेला अर्थ घेऊन कोणत्याही कंपनीचा माल अंधारच पाडील.

आता यंत्र. डायनमो चालायला लागतो तो लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर. आर्मेचर फिरलं की त्या उरल्यासुरल्या चुंबकत्वातून जेमतेम वीज निर्माण होते, ती फील्ड कॉइलमध्ये जाते, चुंबकत्व वाढतं, वीज आणखी वाढते. ही वाढ आवरायचं काम रेग्युलेटरचं. त्याचे संपर्कबिंदू सतत उघडमीट करत असतात. उघडले की फील्डच्या वाटेत रेझिस्टन्स येतो आणि डायनमो मवाळ होतो. त्याच डबीत शेजारी कटआउट असतो. विहिरीवरच्या पंपाला फूटव्हॉल्व्ह असतो ना, पंप थांबला तरी पाणी उलटं उतरू न देणारा, तेच काम कटआउट विजेच्या बाबतीत करतो. डायनमोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला की तो जोडतो, खाली आला की तोडतो. लुकासच्या दोन कॉइलच्या डबीत तो १२.७ ते १३.३ व्होल्टच्या दरम्यान जोडला गेला पाहिजे. अल्टरनेटरला हा भाग लागत नाही, कारण तिथे डायोड असतात आणि ते वीज एकाच दिशेने जाऊ देतात.

डॅशबोर्डवरचा लाल दिवाही यात भाग घेतो, पण लोक समजतात तशा रीतीने नव्हे. त्याचं एक टोक इग्निशन स्विचमधून बॅटरीकडे आणि दुसरं डायनमोकडे जातं. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की दिव्यातून वीज वाहायचं कारण उरत नाही आणि तो विझतो. म्हणजे विझलेला दिवा ‘दोन्हीकडे सारखं आहे’ एवढंच सांगतो. बॅटरीत किती ॲम्पिअर चालले आहेत ते कळायला ॲमीटर लागतो. गाडी वेगात असताना दिवा मंद लुकलुकत असेल तर कटआउटचे संपर्क काळवंडलेत किंवा डबीपासून बॅटरीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी जोड ढिला आहे, अशी शंका घ्यावी. डायनमोच्या गाडीत हा बल्ब उडाला तरी चार्जिंग चालूच राहतं. नंतरच्या पद्मिनींसारख्या अल्टरनेटरच्या गाड्यांत मात्र उडालेला बल्ब म्हणजे चार्जिंगच बंद, असं होऊ शकतं, कारण सुरुवातीचं फील्ड त्याच बल्बमधून मिळतं. दोन्ही प्रकारच्या गाड्या हाताळणाऱ्याने हा फरक मनात पक्का ठेवावा.

आता हिशेब. गाडीत कसलाही दोष नसताना बॅटरी उतरण्याचं सर्वांत मोठं कारण हिशेब न बसणं हे आहे, आणि त्याबद्दल गॅरेजात कोणी बोलत नाही. साठच्या दशकातला लुकासचा नेहमीचा डायनमो, सी-४०, जास्तीत जास्त २२ ॲम्पिअर देतो, आणि तेही इंजिन चांगल्या वेगात असताना. इंजिन साधारण हजार फेऱ्यांपर्यंत पोचेपर्यंत कटआउट जोडलाही जात नाही. म्हणून सिग्नलला लाल दिवा लागणं हे डायनमोच्या गाडीत नैसर्गिक आहे. जुलैच्या पावसात रात्री दादरहून ठाण्याला निघालात असं समजा. ४५ वॅटचे दोन हेडलाइट साडेसात ॲम्पिअर खातात, मागचे-पुढचे छोटे दिवे दोन-तीन, इग्निशन कॉइल तीन-चार, वायपर दोन-तीन. सगळे मिळून सोळाच्या आसपास. मोकळ्या रस्त्यावर डायनमो हे देऊन वर थोडं बॅटरीतही टाकील. पण सायनपासून पुढे गाडी मुंगीच्या पावलांनी चालली की हे सोळाच्या सोळा बॅटरीतून जातात. तासभर असंच चाललं तर साठ ॲम्पिअर-अवरच्या बॅटरीतला पाव हिस्सा गेला.

स्टार्टरला उगाच बदनाम केलं जातं. तो दोनशे ॲम्पिअर ओढतो हे खरं, पण पाच सेकंदांसाठी. गुणाकार केला तर पाव ॲम्पिअर-अवरच्या किंचित वर जातो. मोकळ्या रस्त्यावर दोन-चार मिनिटांत भरून निघेल इतकाच. आता याच गाडीला कोणी ९०/१०० वॅटचे हॅलोजन बसवले आहेत, वर स्टीरिओ आणि रेडिएटरपुढे विजेचा पंखा. नुसते दोन हॅलोजन पंधरा ॲम्पिअरवर जातात. पंख्याचे आठ-दहा धरा. बावीस कधीच ओलांडले. अशी गाडी घेऊन येणाऱ्या मालकाला वायरमनने कागदावर ही बेरीज करून दाखवावी. तो बहुधा म्हणतो, “अहो, पण दिवे तर झकास पडतात!” पडतात, बॅटरी आहे तोवर.

हिशेब बसत असेल तर बॅटरी पाहायची, आणि तीही गाडीपासून अलग करून. रात्रभर निवांत ठेवलेली भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२ वर आली म्हणजे जवळजवळ उतरलीच. पण नुसत्या व्होल्टवर भिस्त ठेवू नये. सहाही झाकणं उघडून हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी बघायची. भरलेल्या पेशीत ती १.२६० ते १.२८० असते. पाच पेशी सारख्या आणि एक खाली, असं दिसलं तर प्रश्न तिथेच सुटला. ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी डायनमो आणि रेग्युलेटर तिच्यामागे धावत राहतील, तापतील, आणि दोष त्यांच्यावर येईल. पाणी घालायचं ते डिस्टिल्डच. पिण्याच्या पाण्याची बाटली ओतणारे अजून भेटतात, म्हणून हे लिहावं लागतं.

मग पट्टा. मधोमध अंगठ्याने दाबला तर सुमारे अर्धा इंच दबला पाहिजे. ढिला असेल तर तो घसरतो, आणि पावसात जास्तच घसरतो. पण वीणेच्या तारेसारखा ताणणंही वाईट, कारण डायनमोच्या मागच्या टोकाला बेअरिंग नसतं, ब्राँझचा बुश असतो, आणि तो एका बाजूला झिजतो. बुश झिजला की आर्मेचर खाली बसतं आणि आतल्या लोखंडाला घासू लागतं. त्या टोकाला एक बारीक छिद्र असतं, वर ‘ऑइल’ असं कोरलेलं. त्यात अधूनमधून इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब टाकायचे. जास्त टाकलं तर तेल कम्युटेटरवर उडतं आणि चांगल्या हेतूने केलेलं काम उलटतं. हे छिद्र अख्ख्या आयुष्यात एकदाही तेल न पाहता गंजलेलं मला कितीतरी गाड्यांवर दिसलं आहे.

आणि मग अर्थ. यावर पुस्तिकेत एक सबंध प्रकरण आहे, आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. इंजिन रबरावर बसवलेलं असतं. चॅसीशी त्याचं विजेचं नातं फक्त त्या एका विणलेल्या पट्टीचं. ती तुटली तरी वीज थांबत नाही, दुसरी वाट काढते. स्टार्टर मारला की ॲक्सिलरेटरची किंवा चोकची केबल गरम होते, कधी तिच्यातून धूरही निघतो, आणि मालक कार्ब्युरेटर उघडायला बसतो! नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हा प्रकार जास्त. रेस्टोरेशनला दिलेली गाडी चकचकीत होऊन परत येते आणि पहिल्याच आठवड्यात चार्जिंग बंद पडतं. रंगाऱ्याने प्रेमाने चॅसीपासून रेग्युलेटरच्या बैठकीपर्यंत सगळीकडे तीन हात दिलेले असतात, आणि रंगातून वीज जात नाही. डबीचा अर्थ गेला तर उलटा प्रकार घडतो. रेग्युलेटरच्या कॉइलला दाब कळेनासा होतो, तो डायनमोला आवरत नाही, बल्ब एकामागून एक उडतात, बॅटरीचं पाणी आटतं. लक्षण जास्त चार्जिंगचं, कारण मात्र रंग.

हे पकडायला मल्टिमीटर कमी व्होल्टच्या रेंजवर ठेवायचा, एक टोक डायनमोच्या अंगाला आणि दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकावर, क्लॅम्पवर नव्हे, खुद्द शिशाच्या खुंटीवर. इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर, हेडलाइट लावलेले. काटा शून्याच्या आसपास राहिला पाहिजे. दहावा-पाचवा हिस्सा व्होल्टपर्यंत चालेल, त्याच्या वर गेला की त्या वाटेतला प्रत्येक जोड उघडून, उजळून पुन्हा घट्ट करायचा. असंच डबी ते बॅटरी या वाटेवरही बघायचं. या चाचणीला काही सोडवावं लागत नाही, सुटा भाग लागत नाही, आणि इतक्या तक्रारी इथेच मिटतात की पुढची प्रकरणं वाचायची वेळ फार मालकांवर येऊ नये.

ज्यांच्यावर येईल त्यांनी मग डायनमोची परीक्षा घ्यावी. लुकासच्या डायनमोच्या मागे दोन टोकं असतात, जाड वायरचं ‘डी’ आणि बारीक वायरचं ‘एफ’. इंजिन बंद असताना दोन्ही वायरी काढायच्या आणि ती टोकं उघड्या तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडायची. मीटरचं एक टोक त्या तारेवर, दुसरं डायनमोच्याच अंगावर, म्हणजे अर्थचा दोष या चाचणीत मिसळत नाही. इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवायचा. निरोगी डायनमोचा काटा न थरथरता सरळ वर चढतो. पंधराच्या पुढे जायला लागला की थांबा, विसापर्यंत नेऊ नका आणि रेस तर मुळीच करू नका, कारण या क्षणी त्याला आवरणारं कोणी नाही. काटा हललाच नाही तर कार्बन बघायचे. अर्ध्या-एक व्होल्टवर अडखळला तर फील्ड कॉइलवर संशय, चार-पाचवर अडकला तर आर्मेचरवर. या कामाला काट्याचा जुना मीटर बरा. ठिणग्यांच्या गोंधळात स्वस्त डिजिटल मीटरचे आकडे नाचतात आणि नाचणारा आकडा पाहून माणूस आपल्याला हवा तो वाचतो.

डायनमो पास झाला तर तारेचा तुकडा तसाच ठेवून वायरी परत लावायच्या, डबीकडचं ‘डी’ टोक सोडवायचं आणि तिथे तेवढाच व्होल्ट येतो का ते बघायचं. आला तर मधली वायर ठीक आहे आणि आता, एवढं सगळं झाल्यावर, डबीकडे वळायला हरकत नाही.

इथे एक धोक्याची सूचना, आणि ती पुस्तिकेत जागोजागी पुन्हा येईल. वरची चाचणी लुकासची आहे. लुकासमध्ये फील्ड कॉइलचं एक टोक डायनमोच्या आतच अर्थ केलेलं असतं आणि दुसऱ्याला रेग्युलेटर वीज पुरवतो. फियाटची जोडणी याच्या उलट. तिथे टोकांवर ५१ आणि ६७ असे आकडे असतात, फील्डला वीज आतूनच मिळते आणि ६७ हे टोक रेग्युलेटरमार्फत अर्थला जातं. म्हणून फियाटच्या डायनमोची परीक्षा घेताना ६७ अर्थला टेकवायचं, ५१ ला नाही. ऑटो-लाइटचे डायनमो असलेल्या डॉज-प्लीमथही याच जातीच्या. ॲम्बेसेडरवर शिकलेला हात फियाटवर तीच तार जोडून ‘डायनमो मेला’ असा निकाल देतो, आणि धडधाकट डायनमो रिवाइंडिंगला जातो.

रेग्युलेटरच्या डबीचं झाकण उघडण्यापूर्वी एक आकडा लक्षात घ्यावा. आजच्या गाडीचं चार्जिंग साधारण चौदा-साडेचौदा व्होल्टला असतं, हे सगळ्यांना पाठ झालं आहे. लुकासची दोन कॉइलची आरबी-१०६ डबी मात्र बॅटरी जोडलेली नसताना, २० अंश तापमानाला १६ ते १६.६ व्होल्टवर लावलेली असावी लागते. तापमान चढलं की आकडा थोडा उतरतो, ४० अंशाला १५.८ ते १६.४. हे पाहून वायरमन घाबरतो आणि स्क्रू पिळून १४.२ वर आणतो. त्या दिवसापासून बॅटरी अर्धपोटी राहते. या डबीची रचनाच अशी आहे की ॲम्पिअर वाहू लागले की व्होल्ट आपोआप खाली येतो. मोकळेपणी मोजलेला सोळा हा प्रत्यक्ष कामातला चौदा-पंधराच होतो. तीन कॉइलच्या आरबी-३४० मध्ये ॲम्पिअर आवरायला वेगळी कॉइल आहे, म्हणून तिचा मोकळा आकडा कमी, १४.५ ते १५.५. म्हणजे डबी कोणती ते ओळखल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. आणि लावलाच तर अर्ध्या मिनिटात मोजून मोकळं व्हायचं, कारण कॉइल तापली की आकडा खोटा होतो.

संपर्कबिंदू साफ करण्याचेही दोन वेगळे नियम आहेत. रेग्युलेटरच्या बिंदूंना बारीक कार्बोरंडम चालतो, कटआउटच्या मऊ बिंदूंना तो चालत नाही, त्यांना बारीक काचकागदाची पट्टी. नंतर दोन्ही स्पिरिटने पुसायचे. एमरी कागद कुठेच नाही. त्याची पूड चिकटून राहते.

कटआउटचे बिंदू चिकटून बसले तर काय होतं ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. इंजिन बंद केलं तरी बॅटरी डायनमोत रिकामी होत राहते, डायनमो मोटारीसारखा फिरू बघतो, पट्ट्याने अडवलेला असल्याने तापतो, आणि वायरीचं आवरण वितळून वास येतो. अशा वेळी डबीशी खेळायचं नाही, बॅटरीचा क्लॅम्प काढायचा. आणि याच्या उलट एक गॅरेजी उपाय आहे, इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून ‘गाडी बंद पडते का बघ’ म्हणणारा. तो कृपा करून विसरावा. डायनमोच्या गाडीत त्याने बल्ब उडतात, अल्टरनेटरच्या गाडीत डायोड जळतात, आणि यातून कळत काहीच नाही.

वर्ष-दोन वर्षं गॅरेजात पडून राहिलेल्या गाडीत डायनमोचं उरलेलं चुंबकत्व कधी कधी नाहीसं होतं, किंवा दुरुस्तीत उलट्या दिशेचं होतं. लुकासमध्ये ‘एफ’ची वायर काढून त्या टोकाला बॅटरीच्या चॅसीला न जोडलेल्या टोकाकडून आलेली तार क्षणभर टेकवायची, बारीक ठिणगी पडते, काम झालं. पण त्याआधी गाडीचा अर्थ कोणत्या टोकाचा आहे हे बघायलाच हवं. पन्नासच्या दशकातल्या अनेक इंग्रज गाड्यांत बॅटरीचं धन टोक चॅसीला जातं. हे न पाहता आधुनिक म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्यांचे सेट त्याच मिनिटाला जळतात. हा ठिणगीचा उपाय अल्टरनेटरवर करायचा नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

डायनमो खरोखर उघडायची वेळ आली तर आत काय बघायचं ते चित्रांसह दिलं आहे. एकच खूण इथे सांगतो, कारण ती बघायला काहीच लागत नाही. डायनमोला मागे खिडकी आणि वर पट्टी असेल तर पट्टी सरकवून आतल्या कडेला बोट फिरवा. बोटाला कथलाचे बारीक मणी लागले तर तो डायनमो कधीतरी इतका तापला होता की कम्युटेटरच्या टाक्यांवरचा डाख वितळून बाहेर फेकला गेला. त्याला नुसते नवे कार्बन घालून भागणार नाही. मणी नसतील, कम्युटेटर गुळगुळीत चॉकलेटी असेल आणि कार्बन पाव इंचाच्या चांगले वर असतील, तर झाकण लावून टाका. तो अजून पुष्कळ चालेल.

जुन्या डबीच्या आत लपवून बसवायचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात, आणि बाहेरून हुबेहूब डायनमो दिसणारे अल्टरनेटरही. पहिल्याला माझा विरोध नाही, मूळची कॉइल फेकून न देता कपाटात ठेवली तर. दुसऱ्याबद्दल माझं मत तितकं मवाळ नाही. रोज रात्री गाडी चालवायची असेल तर तो सोयीचा आहे. पण महिन्यातून दोन रविवारी सकाळी बाहेर पडणाऱ्या गाडीला बावीस ॲम्पिअर भरपूर होतात. तिला अल्टरनेटर हवासा वाटतो तो बहुतेकदा तिच्या गरजेने नाही, अर्थच्या पट्टीने. अल्टरनेटर बसवताना वायरमन नवी जाड वायर आणि नवा अर्थ टाकतो, चार्जिंग सुधारतं, आणि श्रेय अल्टरनेटरला जातं.

पुस्तिकेची प्रकरणं ज्या क्रमाने दिली आहेत त्याच क्रमाने वापरावीत. बेरीज, बॅटरी, पट्टा, अर्थ, वायरी, डायनमो, आणि मग डबी. मधलं प्रकरण गाळून पुढे जायचा मोह होईल, विशेषतः डबीचं झाकण उघडून आतले बिंदू कसे थरथरतात ते बघायचा. बघा खुशाल, हात लावू नका. साधनं फार लागत नाहीत. काट्याचा व्होल्टमीटर, हायड्रोमीटर, काचकागद, तारेचा तुकडा, दोन-तीन पाने आणि एक वही, ज्यात प्रत्येक आकडा तारखेसह लिहायचा. कामाला बसण्यापूर्वी हातातली अंगठी आणि घड्याळाचा धातूचा पट्टा काढून ठेवा. बॅटरी सोडवताना अर्थचा क्लॅम्प आधी काढा आणि जोडताना तोच शेवटी लावा, तुमच्या गाडीत तो धन टोकाचा असला तरीही.